वरचं प्लॅस्टिक

आमच्या आत्याला खूश करायला फार काही लागत नाही. लागते ती एखादी नवी कोरी वस्तू, जिला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही. साबणाची नवी वडी निघाली की पहिली आंघोळ आत्याची, कारण वडीवरची अक्षरं तेव्हा टोकदार असतात. बिस्किटांचा पुडा फोडताना ती लाल पट्टी गरकन ओढायची, तीही आत्यानेच. बंद बरणीचं झाकण पहिल्यांदा उघडताना 'टप्' असा आवाज होतो. तो ऐकायला ती शेजारच्या खोलीतून पळत येते, आणि ती पोचायच्या आत कुणी झाकण उघडलंच तर दिवसभर घुश्शात असते. पन्नाशी उलटलेली बाई!

पण हे सगळं चिल्लर. तिच्या सुखांचा राजा म्हणजे नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक. पातळ, पारदर्शक, काचेला नाहीतर पत्र्याला चिकटून येतं ते. आत्या आधी वस्तूभोवती एक फेरी मारते. मग एका कोपऱ्यात नख घालते, एवढासा शेंडा उचलते आणि तिथेच थांबते. हे थांबणं महत्त्वाचं. "घाई केलीस तर फाटतं, आणि फाटलं की मजा गेली," असं तिने मला मी शाळेत असताना शिकवलं. शाळेत शिकलेलं बाकी सगळं मी विसरले, हे तेवढं लक्षात आहे. मग ती ओढायला लागते, हळू, एका लयीत, सर्रर्र करत, आणि डोळे मिटून घेते. शेवटचा कोपरा सुटला की काटा आलेला हात सगळ्यांना दाखवते आणि खिदळत सुटते. तिचं खिदळणं गोवरासारखं आहे. घरात एकाला झालं की सगळ्यांना होतं.

बाबा सोडून.

बाबा म्हणजे आत्याचे सख्खे थोरले भाऊ. प्लॅस्टिक हे काढण्यासाठी नसतंच, अशी त्यांची ठाम श्रद्धा. आमचा टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये. सोफा प्लॅस्टिकमध्ये, त्यामुळे उन्हाळ्यात उठताना आधी पाय सोडवून घ्यावे लागतात. फ्रिज तर माझ्या जन्माच्या आधीचा, आणि दुकानातून जसा आला तसाच, दोन्ही बाजूंना आणि दाराला प्लॅस्टिक. ते मुळात स्वच्छ असणार. पण पिवळं पडत पडत, जागोजागी फुगत, कोपऱ्यांत मळ धरत त्याची अशी काही हिरवट अवस्था झाली होती, की आई त्या फ्रिजला 'शेवाळं' म्हणायची. "शेवाळ्यातून दूध काढ गं," हे वाक्य आमच्या घरात रोज बोललं जायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना मनगटी घड्याळ दिलं. त्याच्या काचेवरचा प्लॅस्टिकचा गोल टिकलाही बाबांनी काढला नाही. कड सुटायला लागली की अंगठ्याने परत दाबायचे. चरे पडून पडून तो इतका धुरकट झाला की आतले काटे दिसेनात. बाबा ऐटीत घड्याळ लावून बाहेर पडायचे आणि रस्त्यात लोकांना वेळ विचारायचे.

"अहो, काढा ना ते," आई म्हणायची.

"काढलं की जुनं झालं," बाबा म्हणायचे. त्यापुढे बोलायची सोयच नव्हती.

एका आईच्या पोटची ही दोन माणसं अशी दोन टोकांना कशी गेली, याचं उत्तर सोपं आहे. त्यांच्या लहानपणी घरात नवी वस्तू यायचीच नाही. चुलत भावंडांना तोकडे झालेले कपडे, दुसऱ्याच्या अंगठ्याचा खड्डा पडलेल्या चपला, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेली पुस्तकं. बाबांना नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यांनी धाकट्या बहिणीला कंपासपेटी आणली. दुकानातून आणलेली, नवी कोरी, प्लॅस्टिकमध्ये बंद. आत्याने दारातच ते सर्रकन ओढून काढलं आणि पेटी घेऊन मैत्रिणींकडे धूम ठोकली. आजी सांगायची, बाबा नंतर कितीतरी वेळ ते रिकामं प्लॅस्टिक हातात घेऊन बसले होते. नवेपण आलं की जपायचं, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं असावं. आत्याने ठरवलं, आलं की लुटायचं.

आत्याने लग्न केलं नाही. आमच्या शेजारच्याच खोलीत राहते आणि फ्रिज, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या दुकानात काम करते. तिचं काम काय, तर मांडणी. माल आला की प्रत्येक प्रकारातला एक नग खोक्यातून काढायचा, त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं, पुसून लख्ख करायचा आणि दुकानात मांडायचा. बाकीचे नग खोक्यात बंद, ते तसेच गिऱ्हाइकाच्या घरी जातात. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी ही नोकरी. वर याचा पगारही मिळतो, याचं तिला आजही नवल वाटतं. दुकानातली मंडळी तिला पाठीमागे 'सोलाणं' म्हणतात, भाज्यांची सालं काढायचं असतं ते. तोंडावरही म्हणतात, कारण तिला ते आवडतं.

एके दिवशी या सोलाण्याने नको ते सोललं.

आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरांनी एक फ्रिज खास रंग सांगून मागवला होता. लाल भडक. दुकानात त्या रंगाचा तो एकच. वाटेत कुठे पोचा आला नाही ना, हे डॉक्टरांना स्वतः बघायचं होतं, म्हणून मालकांनी खोकं उघडून फ्रिज बाहेर काढून ठेवला होता. सकाळी आत्या दुकानात शिरली तर समोर लालचुटूक फ्रिज, अंगभर ताणून बसवलेलं प्लॅस्टिक, एक सुरकुती नाही. तिने कुणाला विचारलंसुद्धा नाही.

"अगं, विचारायचं काय? भूक लागलेली असताना समोर ताट आलं तर आपण विचारतो का, हे कुणाचं म्हणून?" हे तिचं नंतरचं स्पष्टीकरण.

डावी बाजू झाली. उजवी झाली. दाराचं तर एका दमात निघालं म्हणे, आयुष्यात इतकं सुंदर कधी निघालं नव्हतं. मग दार उघडून ती आतल्या कप्प्यांकडे वळणार, एवढ्यात मागून मालकांची हाक आली. "अहो ताई, थांबा! थांबा!"

डॉक्टर दुपारी आले. फ्रिजभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हा वापरलेला आहे."

"नवा आहे हो," आत्या म्हणाली. "आज सकाळीच मी माझ्या हाताने प्लॅस्टिक काढलं."

"असं तुम्ही म्हणता. पण नवा आहे हे मी कशावरून समजायचं?"

डॉक्टर निघून गेले, आणि इतका वेळ दाबून धरलेला मालकांचा आवाज सुटला. "मागे इस्त्री, मग मिक्सर, आता फ्रिज! हा लाल भडक फ्रिज मी आता कुणाच्या गळ्यात बांधू? रविवारी दुकान बंद व्हायच्या आत डॉक्टरांनी हा नेला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तुम्ही गोदामात."

गोदामात पगार तोच, काम कमी आणि डोक्यावर पंखा. दुसऱ्या कुणी उड्या मारल्या असत्या. पण गोदामात खोकं बंद येतं आणि बंदच जातं. आत्या घरी आली ती डोळे पुसत. तिला रडताना बघायची आम्हाला सवयच नाही.

"आता मी निवृत्त होईपर्यंत खोक्यांवरचे बाण बघत बसायचं," ती म्हणाली. "'ही बाजू वर.' 'ही बाजू वर.' अगं, वर तर वर, आत काय आहे ते तरी बघू द्या!"

मला हसू आलं. तिलाही आलं. पण तिचं मधेच विझलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवारी दुपारी मी तिचा डबा घेऊन दुकानात गेले. आत्या फ्रिजमागून हळूच डोकावली आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. हे टोक धर." काढलेलं प्लॅस्टिक ती कधी टाकत नाही, घडी घालून ठेवते. ते ती परत चिकटवायला निघाली होती! आम्ही दोघींनी मिळून ते दारावर धरलं, तर ते माझ्या कोपराला चिकटलं. कोपर सोडवलं, तर आत्याच्या वेणीला. वेणी सोडवेपर्यंत दुसरं टोक शेजारच्या कपडे धुण्याच्या यंत्राला जाऊन बसलं. शेवटी एकदाचं ते फ्रिजवर बसलं, पण आत हवेचे फुगे, माझा एक केस आणि आत्याच्या पाच बोटांचे ठसे. तो फ्रिज तापात गोधडी पांघरून बसलेल्या माणसासारखा दिसायला लागला. मी जमिनीवर बसून हसले. आत्या यंत्राला टेकून हसली. मालक आतून बाहेर आले, त्यांनी फ्रिज पाहिला, आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवून आत गेले. त्यांचे खांदे हलताना मला दिसले. पण अट ती अटच.

आता एकच माणूस उरला होता, ज्याच्याकडे जायची आत्याची मुळीच इच्छा नव्हती.

"दादा, तू बोलशील का डॉक्टरांशी? तुझ्यासारख्या माणसाचं ते ऐकतील."

बाबांनी आधी 'मी सांगत होतो' हे वाक्य वेगवेगळ्या चालींवर म्हणून घेतलं. मग उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, मनगटावर घड्याळ चढवलं आणि मला वेळ विचारली. रविवारी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांच्या दारात उभे.

"मी बोलतो," बाबा आत्याला म्हणाले. "तू तोंड उघडू नकोस."

दातांच्या डॉक्टरकडे नेऊन तोंड उघडू नकोस म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. असो.

बाबांनी सुरुवात छान केली. बहीण प्रामाणिक आहे, हात जरा शिवशिवतात पण मन साफ आहे, फ्रिज शंभर टक्के नवा आहे. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तुम्ही स्वतः घ्याल का हो, वरचं प्लॅस्टिक काढलेली वस्तू, नवी म्हणून?"

बाबांनी तोंड उघडलं. आयुष्यभराची श्रद्धा एकीकडे, धाकटी बहीण एकीकडे.

"नाही," बाबा म्हणाले.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. वकील आपला आणि साक्ष त्यांच्या बाजूने! आणि एकदा बांध फुटल्यावर बाबा थांबतात कुठले. प्लॅस्टिक आहे तोवरच वस्तूला किंमत, हल्लीच्या लोकांना धीर नाही, वगैरे वगैरे. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून मान डोलवायला लागले. दोघांची अशी गट्टी जमली की आत्या आणि मी तिथे कशाला आलो होतो हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"आता माझाच फ्रिज बघा," बाबा रंगात येऊन म्हणाले. "या माझ्या मुलीहून थोरला आहे. पण आजही नवा कोरा."

"काय सांगता! मला बघायलाच हवा."

"चला की. आत्ता चला."

अशी आमची वरात डॉक्टरांना मधे घेऊन घरी आली. आईने दार उघडलं, बाबांनी अभिमानाने स्वयंपाकघराकडे हात केला आणि डॉक्टर फ्रिजसमोर उभे राहिले.

"हा?"

"हो, हेच आमचं शेवाळं," आई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांना हसू आवरेना. "अहो, याला तुम्ही नवा म्हणता? हा तर किडलेल्या दाढेसारखा दिसतोय!"

बाबा कानापर्यंत लाल झाले. "वरून दिसतो तसा. आतून नवा आहे."

"कशावरून?"

हाच प्रश्न डॉक्टरांनी दुकानात आत्याला विचारला होता. बाबांनी फ्रिजकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. फ्रिज नवा आहे हे दाखवायचा एकच मार्ग होता, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

"काढ गं," बाबा म्हणाले.

आत्याचा विश्वास बसेना. "काय काढू?"

"प्लॅस्टिक. काढ."

आत्याने आधी पदराला हात पुसले. मग गरम पाण्यात फडकं पिळून आणलं, कारण जुनं प्लॅस्टिक हट्टी असतं, त्याला आधी शेकावं लागतं. डाव्या बाजूचा वरचा कोपरा शेकला. नख घातलं. शेंडा उचलला. थांबली. आम्ही सगळेच थांबलो, आईने तर गॅससुद्धा बंद केला. आणि मग आत्याने डोळे मिटले आणि ओढलं. सर्रर्रर्र! इतक्या वर्षांचं साठलेलं ते, त्याचा आवाजही तसाच भरघोस. आईने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टर हळूहळू पुढे सरकत आत्याच्या अगदी खांद्याशी येऊन उभे होते.

"ती दुसरी बाजू..." ते चाचरत म्हणाले, "मी करून बघू?"

आत्याला ते जड गेलं. मला कळलं, कारण तिने फडकं लगेच सोडलं नाही. पण तिने दिलं. "घाई नका करू, डॉक्टर. शेंडा उचलला की आधी थांबायचं."

डॉक्टर थांबले. डॉक्टरांनी ओढलं. जन्मभर दुसऱ्यांना 'आ करा' सांगणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा आ झाला आणि शेवटचा कोपरा सुटेपर्यंत मिटला नाही. नंतर त्यांनी बाही वर करून आम्हाला हात दाखवला. काटा आला होता.

दोन्ही बाजू साध्या पांढऱ्या निघाल्या. राहिलं दार. सगळ्यात मोठं, सगळ्यात सुंदर काम. आत्याने कोपरा शेकला, शेंडा उचलला आणि बाजूला झाली.

"दादा, हे तुझं."

"छे! मला नाही जमायचं."

"कंपासपेटीचं मी एकटीनेच काढलं होतं. पैसे तुझे, आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही," आत्या म्हणाली. "ते राहिलंय. ओढ आता."

बाबांनी शेंडा दोन बोटांत धरला. आधी त्यांचा हात अडखळला, मग धीर आला, मग लय सापडली. प्लॅस्टिक पडद्यासारखं खाली उतरत गेलं आणि त्याच्यामागून निळा रंग बाहेर आला. स्वच्छ, चकचकीत निळा.

"अगं बाई!" आई किंचाळलीच. "हा निळा आहे! वन्सं, हा निळा आहे! मी दुकानात निळाच पसंत केला होता!" ती विसरूनच गेली होती. तिने दारावरून तळहात फिरवला, गाल टेकवला आणि हसता हसता डोळे पुसले. "इतकी वर्षं मी बिचाऱ्याला शेवाळं म्हणत होते."

बाबा ते भलंमोठं पिवळं प्लॅस्टिक हातात घेऊन उभे होते. कंपासपेटीच्या दिवशी बसले होते तसेच, असं मला एक क्षण वाटलं आणि मी घाबरले. आणि मग बाबांच्या पोटातून कुठून तरी एक खी: आला. मग दुसरा. मग बाबा ओट्याला धरून खिदळायला लागले, थेट आत्यासारखे. इतक्या वर्षांनी त्यांना गोवर निघाला होता. आत्या हसली, आई हसली, मी हसले, आणि डॉक्टर तर आमच्या घरचेच असल्यासारखे डबा शोधून साखर खात हसत होते.

मग ते एकदम गंभीर झाले. "ताई, माझ्या फ्रिजचं सगळंच काढलंत का हो तुम्ही?"

"बाहेरचं सगळं," आत्या अपराधी चेहऱ्याने म्हणाली.

"आणि आतलं?"

"आतल्या कप्प्यांना, भाजीच्या ड्रॉवरला मी हातसुद्धा लावला नाही. तेवढ्यात मालक ओरडले ना."

"लावू नका!" डॉक्टर केवढ्यांदा ओरडले. "कुणीच लावू नका!" आणि तिथूनच त्यांनी मालकांना फोन लावला. "तो लाल फ्रिज आजच घरी पाठवा. हो, तोच. आणि नीट ऐका, आतल्या प्लॅस्टिकला कुणाचं बोट जरी लागलं तरी मी परत पाठवीन!"

आत्या जाऊन सोफ्यावर धपकन बसली, सोफ्याचं प्लॅस्टिक चर्रकन वाजलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. सोमवारी मिक्सरचा नवा माल यायचा होता.

डॉक्टर घाईघाईने गेले. घर जरा शांत झालं. आई फ्रिजचं दार उगीचच उघडून लावून बघत होती. बाबा खिडकीपाशी बराच वेळ मनगटाशी काहीतरी खुडखुड करत उभे होते. शेवटी ते आत्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"माझी नखं आखूड आहेत," ते म्हणाले. "तू काढ."

आत्याने घड्याळ उजेडाकडे वळवलं. करंगळीच्या नखाने कड उचलली. थांबली. बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. तो धुरकट टिकला सुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. बाबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि बघतच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "याला सेकंदकाटा आहे!"

त्या दिवशी बाबांनी आम्हा सगळ्यांना वेळ सांगितली. आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितली, मला सांगितली, आत्याला दोनदा सांगितली, आणि मग चपला घालून खाली रस्त्यावर गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. कुणीही विचारली नव्हती.